कडता

यंदा बारावीचा निकाल लागला आणि आठवड्याभरात माझी चुलतबहीण सायली जुन्नरहून कोपरखैरण्याला येऊन थडकली. हातात एक बॅग, काकूने दिलेली लोणच्याची बरणी आणि चप्पल काढायच्या आधीच प्रश्न: "ताई, बायोकेमिस्ट्री घेऊ का?" नीटमध्ये मार्क कमी, इंजिनिअरिंग नको, नर्सिंगला काकू नाही म्हणते. म्हणजे २०१४ साली मी जिथे उभी होते तिथेच ही येऊन उभी राहिली होती.

मी तिला हो-नाही काहीच म्हटलं नाही. कपाटावरून वही काढली.

ही वही लाल कापडी बांधणीची, लांबडी. बाबांच्या ओळखीच्या एका दिवाणजींनी दिलेली. बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार, म्हणजे काट्यावर माल वजन करणारे, होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "पाहिजे ते शिक, पण पैसा कुठं गेला ते लिहून ठेव. आणि कडता धर."

कडता म्हणजे काय हे बाजाराबाहेरच्यांना सांगावं लागतं. गोणी काट्यावर चढते तेव्हा जो आकडा दिसतो तो नुसत्या कांद्याचा नसतो. त्यात बारदान आलं, माती आली, सुकलेली पात आली, पावसातला माल असला तर पाणीही आलं. तेवढं वजनातून वजा करायचं, त्याला कडता म्हणतात. बाबांच्या बोलण्यात हा शब्द कांद्यापुरता कधीच राहिला नाही. एखादा पाहुणा मुलाच्या पगाराच्या गप्पा मारून गेला की दार लावताना ते हमखास म्हणायचे, "कडता काढला तर निम्मं बी राहायचं नाही."

बायोकेमिस्ट्रीत मी आले तीही बाबांमुळेच म्हणायला हरकत नाही. लहानपणी एकदा त्यांना विचारलं होतं, दिवसभर कांद्यात असता, तुमच्या डोळ्यांना पाणी कसं येत नाही? ते म्हणाले, "अख्खा कांदा कुणाला रडवतोय? रडवते ती सुरी." पुढे एफवायला आमच्या मॅडमनी एन्झाइम शिकवायला सुरुवात केली ती याच उदाहरणाने. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात असतात आणि अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, आणि मग आणखी एक एन्झाइम त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करतं. हे दुसरं एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं. म्हणजे माझ्या शाळेच्या वयात जगाला कळलेली गोष्ट आमच्या बाबांना गोणीवर बसून अर्धी ठाऊक होती. त्या दिवशी घरी येऊन मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कांदा आधी गार केला तर?" गार कांद्यात एन्झाइमचं काम मंदावतं, झोंबतं कमी. मी खूश. ते म्हणाले, "हे तुझी आई फ्रीज आल्यापासून करतीय."

तर वहीचं पहिलं पान. ठाण्याच्या त्या कॉलेजात साध्या अनुदानित केमिस्ट्रीची फी तेव्हा वर्षाला सात हजारांच्या आसपास होती. बायोकेमिस्ट्रीची तुकडी विनाअनुदानित. पहिल्या वर्षी २२,०००, मग २४,०००, मग २८,०००. तीन वर्षांचे ७४,०००. ट्रान्स हार्बर लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास, अ‍ॅप्रन, जर्नलं, परीक्षा फी, झेरॉक्स मिळून आणखी ३१,०००. एकूण १,०५,०००. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर जाऊन, एक मजला आधी डावीकडे वळले असते तर यातले पन्नासेक हजार वाचले असते. डावीकडे का वळले नाही? कारण 'बायो' लागलं की काहीतरी नवं, मोठं, डॉक्टरकीच्या जवळचं वाटायचं. मेडिकल न मिळालेल्या मुलींचं हे दुःख विनाअनुदानित तुकड्यांना चांगलं कळतं.

मॅडम कमला सोहोनींची गोष्ट दर वर्षी सांगायच्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी होऊन ही मुलगी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली, बाई म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला, मग अटींवर घेतलं. पुढे तिने केंब्रिजला बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली, परत येऊन मुंबईत नीरेवर संशोधन केलं. अंगावर काटा यायचा. आजही येतो. फक्त त्या गोष्टीत फीचा आकडा नसायचा, आणि वर्गातल्या चाळीसजणींपैकी कुणी विचारायचीही नाही.

शिकणं मात्र खरं होतं, याबाबत मी कुणाशीही भांडेन. पहिलं प्रॅक्टिकल लाळेतल्या अमायलेजचं. चाळीस मुली बेसिनपाशी ओळीने उभ्या राहून बीकरमध्ये थुंकताहेत, कुणी लाजतंय, कुणाला घशाला कोरड पडलीय. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब. स्टार्च आणि लाळेच्या मिश्रणातला एक थेंब दर अर्ध्या मिनिटाने त्यात टाकायचा. आधी गडद निळा, मग जांभळट, मग विटकरी, आणि मग एका थेंबाला काहीच होत नाही. आयोडीन जसंच्या तसं पिवळं राहतं. स्टार्च संपला. माझ्या तोंडातल्या पाण्याने तो खाल्ला. मी घड्याळ बघायला विसरले आणि प्रयोग परत करावा लागला. नंतर दुधाचा पीएच ४.६ वर आणून केसीन खाली बसवलं तेव्हा आई म्हणाली, एवढ्यासाठी ॲसिड कशाला, लिंबू पिळलं असतं. आईचं म्हणणं बरोबरच होतं. फरक एवढाच की तो ४.६ चा आकडा आता मला माहीत होता.

२०१७ ला बीएस्सी झाले आणि मोठा निर्णय तिथे आला. खरं तर निर्णय असा घेतलाच नाही, याचंच वाईट वाटतं. टीवायच्या शेवटच्या महिन्यात सगळ्या म्हणायला लागल्या, नुसत्या बीएस्सीला कोण विचारतं, एमएस्सी तरी पाहिजे. आणि सगळ्यांनी फॉर्म भरले. कुणीही तोवर एका कंपनीच्या गेटवर जाऊन विचारलं नव्हतं की बीएस्सीवाल्याला तुम्ही खरंच विचारत नाही का. रबाळे, महापे, पावणे, सगळी एमआयडीसी आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मी रोज ट्रेनच्या खिडकीतून तिच्याकडे बघत ठाण्याला जायचे.

एमएस्सीची फी वर्षाला ६५,०००, दोन वर्षांचे १,३०,०००. बाबांनी पतसंस्थेतून एक लाख उचलले. चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट. कॉलेजात यंत्रं नाहीत, म्हणून बाहेर करायचा. आमच्यातल्या एकीला खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, जागा मिळाली, ती कॅन्सरच्या पेशी वाढवायला शिकली. बाकीच्यांनी खासगी ट्रेनिंगवाल्यांकडे पैसे भरून प्रोजेक्ट केले. मी १८,००० भरले. तिथे दहा जणांत एक मायक्रोपिपेट होतं आणि निकाल आधीपासून ठरलेले होते. वहीत त्या रकमेसमोर मी तेव्हा 'प्रोजेक्ट' लिहिलंय. आज लिहायचं झालं तर 'बारदान' लिहीन.

मग सीएसआयआर नेट. ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी: लाइफ सायन्सेसचा पेपर २०० मार्कांचा, तीन तासांचा, चुकीच्या उत्तराला मार्क कापले जातात, आणि त्यातला निम्मा भार शेवटच्या 'सी' भागातल्या चार-चार मार्कांच्या प्रश्नांवर. जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना दरमहा पैसे मिळतात. २०१९ च्या जानेवारीपासून ती रक्कम २५,००० वरून ३१,००० झाली होती, पुढे २०२३ पासून ३७,०००. वर घरभाडं वेगळं. म्हणजे जेआरएफ ही आमच्या विषयातली एकच अशी गोष्ट, जिथे शिकायचे पैसे द्यायच्या ऐवजी मिळतात. मी क्लासला ४०,००० घातले, दोनदा बसले. दुसऱ्यांदा लेक्चररशिपच्या यादीत नाव आलं, जेआरएफच्या नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता येईल एवढंच त्याचं मोल, आणि तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्याच्या घरात एखादा मास्तर आहे त्याला विचारा.

प्रवास, फॉर्म, पुस्तकं मिळून २२,०००. एमएस्सीचं पान एकूण २,१०,००० वर बंद झालं.

जुलै २०१९ मध्ये महाप्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. ट्रेनी, हातात १४,०००. माझ्या शेजारच्या टेबलावर घणसोलीचा प्रवीण. वय माझ्याएवढंच, साधी अनुदानित बीएस्सी केमिस्ट्री, २०१७ मध्ये ११,००० वर लागलेला. तोवर त्याचे १७,००० झाले होते आणि मला एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, शिकवायचं काम साहेबांनी त्यालाच दिलं होतं. तो मशीनकडे न बघता पंपाचा आवाज ऐकून सांगायचा, "लाइनमध्ये हवा हाय, पर्ज कर." मी त्या मशीनची थिअरी दोन परीक्षांत लिहून चांगले मार्क आणले होते. हवेचा आवाज कसा असतो हे कुठल्याच उत्तरपत्रिकेत नव्हतं.

पहिल्या पगाराच्या दिवशी पेढे घेऊन घरी आले. बाबांनी पेढा खाल्ला, देवापुढे पाकीट ठेवलं, आणि विचारलं, "नुसत्या बीएस्सीच्या पोराला आज घेतलं तर किती देतात?"

"अकरा."

"म्हणजे तुझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाचे महिन्याला तीन हजार."

वीजबिलाच्या पाठीवर त्यांनी आकडे मांडायला घेतले. दोन लाख दहा हजार भागिले तीन हजार. सत्तर महिने. मी म्हटलं, सहा वर्षं पण नाहीत, चालतंय की. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. "आणि कडता?"

"कसला कडता?"

"दोन वर्षं तू अकरा हजारानं कमावलं असतंस, ते कुठं धरलं?"

अकरा हजार गुणिले चोवीस, दोन लाख चौसष्ट हजार. आधीचे मिळवून चार लाख चौऱ्याहत्तर हजार. भागिले तीन हजार. एकशे अठ्ठावन्न महिने. तेरा वर्षं दोन महिने. मी मोबाइलवर मोजलं: ऑगस्ट २०३२.

आई आतून म्हणाली, "पोरीला आज तरी सुखानं जेवू द्या."

त्या हिशेबात एक चूक आहे हे मला तेव्हाच दिसत होतं, पण घशात पेढा अडकलेला असताना बोलता आलं नाही. तीन हजारांचा फरक तेरा वर्षं तीनच हजार राहील असं कुठेय? तो वाढेल, नाहीतर आटेल. तो कशाने वाढतो आणि कशाने आटतो, तेवढंच शोधायचं असतं. बाकी फीचे आकडे कुणीही बेरीज करू शकतं. आणि हो, पतसंस्थेचं व्याज बाबांनी धरलंच नव्हतं. तो त्यांचा मोठेपणा.

आटायची वाट लगेच दिसली. आमच्याकडे प्रॉडक्शनला पगार जास्त होता, म्हणून मी बदली मागितली. एचआरच्या बाईंनी औषध नियमावली १९४५ मधला नियम ७१ उघडून समोर ठेवला. औषधाचं उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालतं तो फार्मसीचा पदवीधर नसेल आणि विज्ञानाचा असेल, तर त्याने केमिस्ट्री हा मुख्य विषय म्हणून शिकलेला हवा आणि वर तीन वर्षांचा अनुभव हवा. माझ्या गुणपत्रिकेवर बायोकेमिस्ट्री. आता बायोकेमिस्ट्री ही केमिस्ट्रीच की, असं मी म्हणणार, आणि तपासायला येणारा साहेब काय म्हणेल ते कुणालाच सांगता येईना. कंपनीने धोका घेतला नाही. प्रवीणची फाइल मात्र पुढे गेली. एका मजल्यावर डावीकडे न वळण्याची किंमत मला तिथे कळली. ती फक्त पन्नास हजार नव्हती.

हॉस्पिटलच्या लॅबचा रस्ताही मी चाचपून पाहिला होता. तिथे डीएमएलटीवाल्यांना, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेल्यांना, आधी घेतात, कारण त्यांना रक्त काढायला आणि मशीन चालवायला पहिल्या दिवसापासून येतं. आणि एमएस्सी झाल्यावर स्वतःची लॅब काढून रिपोर्टवर सही करू, हे जे स्वप्न आमच्या सीनियर बघायच्या, त्याला सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये कुलूप लावलं: रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. मी त्या वेळी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात याचा कुणी उच्चारही केल्याचं आठवत नाही.

मग कोविड आला. जून २०२० मध्ये ठाण्याच्या एका लॅबने आरटी-पीसीआरला माणसं घ्यायला सुरुवात केली आणि आमच्यासारख्यांना एकाएकी मागणी आली. २८,०००, म्हणजे दुप्पट. पीपीई घालून सहा-सहा तास, ९६ खणांच्या प्लेटा, घामाने बोटं सुरकुतलेली. दोन वर्षं कशी गेली ते लिहायला वेगळी जागा लागेल. इथे पैशाचंच सांगते: सुरुवातीला साडेचार हजारांना होणारी टेस्ट राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने एप्रिल २०२१ पर्यंत ५०० रुपयांवर आणली. लोकांसाठी ते बरंच झालं. आम्हाला मात्र तेव्हाच समजायला हवं होतं की हा पगार साथीचा आहे, पदवीचा नाही. मार्च २०२२ मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं. दोन महिने घरी. वहीतली ती पानं कोरी आहेत.

जून २०२२ पासून मी ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये फार्माकोव्हिजिलन्स करते. औषध बाजारात गेल्यावर कुणाला काय त्रास झाला याच्या तक्रारी जगभरातून येतात. त्या वाचायच्या, ठरलेल्या कोडमध्ये बसवायच्या, हकिगत लिहायची. त्रास गंभीर आणि औषधाच्या माहितीपत्रकात नसलेला असेल तर पंधरा दिवसांत सरकारी यंत्रणेकडे गेला पाहिजे. एसी, लॅपटॉप, कॅन्टीन. लागले तेव्हा ३२,०००. शेजारी बीफार्मची मुलगी, चार वर्षांची पदवी, तिलाही ३२,०००. म्हणजे एमएस्सीचा फरक आता तीन हजारांवरून शून्यावर. बाबांना मी हे सांगितलं नाही.

आणि मग त्याच खुर्चीत एक केस आली. तपशील बदलून सांगते. पन्नाशीतला माणूस, कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू, मध्येच बुरशीच्या इन्फेक्शनसाठी इट्राकोनॅझोल दिलेलं. तक्रार लिहिणाऱ्याने लिहिलं होतं: लिव्हरला इजा. कारण रक्तातलं एएसटी हे एन्झाइम वाढलेलं, लघवी काळपट चहासारखी. कोड टाकायला दोन मिनिटं लागली असती. पण एएसटी सहाशेच्या वर आणि एएलटी, हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम, त्या मानाने फारच कमी. लिव्हर बिघडली तर एएलटी असं मागे कशाला राहील? आणि बिलिरुबिन नॉर्मल. कावीळ नसताना लघवी काळी कशी? मी स्कॅन केलेली पानं पुन्हा उघडली. तिसऱ्या पानाच्या तळाला, फॅक्समध्ये अर्धवट कापल्या गेलेल्या ओळीत, सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, होतं: बारा हजार. एएसटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंमध्येही असतं. स्नायू विरघळत होते, त्यातलं मायोग्लोबिन लघवीत उतरत होतं. आणि कारण समोरच लिहिलं होतं: इट्राकोनॅझोल ज्या एन्झाइमला अडवतं, त्यानेच सिमव्हास्टॅटिनचा निचरा होतो. एन्झाइम अडलं, गोळी रक्तात साठत गेली.

सुरी फिरल्याशिवाय कांदा रडवत नाही, तसंच काहीसं. औषधं दोन्ही आपापल्या जागी ठीक होती.

मी टीप लिहून आमच्या मेडिकल रिव्ह्यूअर डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी फोन केला, "तुमचं बॅकग्राउंड काय?" केसचा कोड बदलला. त्या महिन्यात माझा पगार एक रुपयाने वाढला नाही. पण लिव्हरच्या केसेस माझ्याकडे यायला लागल्या, मग नव्या मुलांना त्या शिकवायचं काम आलं, मग दीड वर्षाने सीनियर. आज हातात ५४,००० येतात. बीफार्मची ती मुलगी पंचेचाळीसवर आहे. यातले किती एमएस्सीचे आणि किती त्या फॅक्सच्या कापलेल्या ओळीचे, याचा तोल मला काढता येत नाही.

प्रवीण आता महाप्याच्याच दुसऱ्या कंपनीत आहे, ५८,००० वर. मला भेटला की अजून "मॅडम" म्हणतो, त्यात थोडी थट्टा असते. आमच्या एमएस्सीच्या वीसजणांत तिघी पीएचडीत गेल्या, ती ॲक्ट्रेकवाली त्यातलीच. पाचजण माझ्यासारखे स्क्रीनसमोर, चौघे क्वालिटी कंट्रोलला, दोघी क्लासमध्ये नीटची बायोलॉजी शिकवतात आणि आमच्यापेक्षा बरं कमावतात. एक बँकेत, एक अजून एमपीएससी देतोय, दोघी घरी, दोघांचा पत्ता नाही. ज्या विषयासाठी पैसे भरले त्याच्या बाकावर, म्हणजे पिपेट हातात घेऊन, आज वीसातले सातच उभे आहेत.

हे सगळं सायलीने वही मांडीवर घेऊन ऐकलं. १८,००० च्या प्रोजेक्टपाशी हसली, तेरा वर्षं दोन महिन्यांपाशी गप्प झाली. तिला मी जे सांगितलं ते असं. तुझ्या वेळी पदवीचा साचाच बदललाय; मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत आता चार वर्षांचा अभ्यासक्रम आलाय, तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं केलंस तर एमएस्सी एका वर्षाची, आणि चार वर्षांत ७५ टक्के असतील तर पीएचडीला थेट बसता येतं. म्हणजे पीएचडीला जायचं ठरवलंस तर तुझं एक वर्ष वाचू शकतं. मेजर केमिस्ट्री घे, अनुदानित बघ, बायोकेमिस्ट्री मायनरला ठेव. विषय तोच शिकशील, फक्त गुणपत्रिकेवरचं नाव कामाला येईल. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत घरी बसू नकोस. एमआयडीसीत महिनाभर फुकट काम मिळालं तरी कर, आणि तिथे बीएस्सीवाल्यांचा आणि एमएस्सीवाल्यांचा पगार विचारून ये. लाजू नकोस. मी लाजले.

"आणि आवडत असेल तर?" ती म्हणाली.

"काय?"

"बायोकेमिस्ट्रीच आवडत असेल तर? सगळं पैशावरच का धरायचं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं की नाही कोण जाणे, कारण बाबा मध्येच बोलले. ते टीव्हीकडे बघत होते असं आम्हाला वाटत होतं. "आवडतं त्याचं वजन वेगळं करायचं," ते म्हणाले. "ते काट्यावर टाकायचं नाही. पण मग त्याचे पैसे बी मागायचे नाहीत."

मला हे पटलं नाही, अजून पूर्ण पटलेलं नाही. त्या फॅक्सचं तिसरं पान मी आवडीशिवाय उघडलं नसतं, आणि त्याचे पैसे मला मिळाले. पण बाबांशी वाद घालायची वेळ नव्हती, फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

रात्री दहाला आम्ही लॅपटॉप उघडला. पहिला पर्याय केमिस्ट्री. दुसऱ्या रकान्यात तिने माझ्याकडे न बघता बायोकेमिस्ट्री टाकलं, ती विनाअनुदानित, स्वतंत्र तुकडी. मी काही बोलले नाही. जुन्नरच्या सिमला आमच्या घरात रेंज नव्हती, म्हणून मोबाइल नंबर बाबांचा दिला होता. ओटीपी त्यांच्या फोनवर आला. त्यांनी चष्मा वर केला, फोन हातभर लांब धरला आणि बाजारात काट्यावरचा आकडा पुकारावा तसा एकेक अंक खणखणीत आवाजात, मध्ये दम घेत, सांगायला सुरुवात केली. शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, "कितीला गेला माल?"

"थांब," बाबा म्हणाले, "अजून दोन आकडे हायेत."